मूलभूत हक्क वाचायचे कसे: उद्देशिकेपासून अनुच्छेद ३५ पर्यंत

भारतीय संविधानाचा तिसरा भाग म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५. मजकूर इतका थोडा की एका दुपारी डोळ्यांखालून जाईल. तरी बहुतेकांचं वाचन १४ चं एक वाक्य, १९ चा पहिला खंड आणि २१ ची एक ओळ यांवरच थांबतं आणि तिथेच घोटाळा होतो. हक्क पहिल्या खंडात लिहिलेला असतो, कोर्टातलं भांडण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या खंडावर होतं.

म्हणून प्रत्येक अनुच्छेदाला पाच प्रश्न याच क्रमाने विचारायचे. हा हक्क कोणाला? कोणाविरुद्ध? त्याला मुरड कुठे घातली आहे? न्यायालयाने त्यात काय भरलं किंवा काढलं? आणि मोडला तर दाद कुठे? वहीत डावीकडे अनुच्छेदाचा आकडा आणि पुढे पाच रकाने आखले की तयारी झाली.

प्रत आणि तिच्यातल्या खुणा

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने केलेला मराठी अनुवाद घ्या. केंद्राच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषांतल्या प्रती फुकट मिळतात. पहिलं काम म्हणजे प्रत कोणत्या घटनादुरुस्तीपर्यंतची आहे ते पाहणं. २०१९ च्या १०३व्या दुरुस्तीआधीची प्रत असेल तर तिच्यात १५(६) आणि १६(६) सापडणार नाहीत, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण तुमच्या पुस्तकात नसेलच. शब्दावर अडलात तर इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा, कारण निकालपत्रांत कीस इंग्रजी शब्दांचा पडतो.

संविधानात ‘अनुच्छेद’ असतात, साध्या कायद्यात ‘कलमं’. बोलताना सगळे ‘कलम ३७०’ म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही, पण अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत अनुच्छेदच लिहा. चौकटी कंसात, डोक्यावर छोटा आकडा असलेला मजकूर दुरुस्तीने आलेला असतो, आणि कोणत्या दुरुस्तीने, कोणत्या दिवसापासून ते तळटीपेत मिळतं. ओळीच्या जागी नुसत्या फुल्या असतील तर तिथला मजकूर गाळलेला आहे. तळटीप न वाचता पुढे गेलात तर काय होतं, ते अनुच्छेद २२ पाशी दिसेलच.

अक्षरांचा सापळा तर खास मराठीतलाच. उपखंडांना इंग्रजीत ए, बी, सी असतं, मराठी प्रतीत क, ख, ग, घ, ङ, च, छ. व्यवसाय-धंद्याचं स्वातंत्र्य इंग्रजीत ‘नाइन्टीन वन जी’ आहे, ते मराठीत १९(१)(छ) होतं. ऐकून कोणी १९(१)(ग) लिहिलं तर तो संघ बनवण्याचा हक्क झाला, म्हणजे इंग्रजीतला सी. तसंच ‘ट्वेन्टीवन ए’ म्हणजे २१क आणि ‘थ्री हंड्रेड ए’ म्हणजे ३००क.

मागची हकिकत, लागेल तेवढीच

तारखांची लांबण लावण्यात अर्थ नाही. पण काही तारखा लक्षात ठेवल्या तर मजकूर उलगडतो.

संविधानसभा ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिल्यांदा बसली. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला. मूलभूत हक्कांचं काम मसुदा समितीच्या आधीच सुरू झालं होतं. वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीत हक्कांची वेगळी उपसमिती होती. जे. बी. कृपलानी तिचे अध्यक्ष, तर आंबेडकर, मुन्शी, के. टी. शाह, हंसा मेहता, अमृत कौर हे सदस्यांपैकी. पटेलांनी हक्कांचा अंतरिम अहवाल २९ एप्रिल १९४७ रोजी सभेपुढे ठेवला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता आणि मसुदा समिती नेमायला २९ ऑगस्ट उजाडायचा होता. ‘हक्क मसुदा समितीने लिहिले’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

डॉ. आंबेडकर १९४६ मध्ये निवडून आले ते बंगालमधून. फाळणीने ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून, बॅ. मु. रा. जयकरांनी मोकळ्या केलेल्या जागेवर, ते पुन्हा सभेत आले. मसुद्यात ३१५ अनुच्छेद होते, मंजूर झालं तेव्हा ३९५. मधल्या काळात ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

परीक्षेच्या पुस्तकांत ‘२ वर्षं, ११ महिने’ यापुढे कुठे १७ दिवस दिसतात, कुठे १८. बोटं मोजा: ९ डिसेंबर १९४६ ते ९ नोव्हेंबर १९४९ ही २ वर्षं ११ महिने, पुढे २६ तारखेपर्यंत १७ दिवस. दोन्ही टोकांचे दिवस धरले तर १८. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबरच्या भाषणात १७ आहेत.

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलं गेलं, सह्या २४ जानेवारी १९५० रोजी झाल्या आणि अंमल २६ जानेवारीपासून सुरू झाला. नागरिकत्व, निवडणूक आयोग, व्याख्या यांसारखे काही अनुच्छेद मात्र २६ नोव्हेंबरलाच लागू झाले. त्यांची यादी अनुच्छेद ३९४ मध्ये आहे.

सभेतल्या चर्चा वाचायच्या असतील, आणि वाचाव्यातच, तर मसुद्यातले आकडे वेगळे होते हे विसरू नका. आजचा १५ तेव्हा ९ होता, १७ तेव्हा ११, १९ तेव्हा १३, २१ तेव्हा १५ आणि ३२ तेव्हा २५. ‘अनुच्छेद १५’ असं शोधून भलतीच चर्चा हाती लागते ती यामुळे. हक्कांवरची बरीचशी चर्चा छापील चर्चांच्या सातव्या खंडात, नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये सापडते. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर झाला. आजच्या ३२ ला आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते ९ डिसेंबर १९४८ रोजी.

उद्देशिका: एका वाक्याचं व्याकरण

शाळेच्या परिपाठात उद्देशिका एका दमात म्हटली जाते आणि अर्थ त्या दमातच विरतो. (‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा वेगळी. ती संविधानात कुठेही नाही.) जुन्या पुस्तकांत हिलाच सरनामा किंवा प्रास्ताविका म्हटलेलं आढळेल.

हे एकच वाक्य आहे. कर्ता ‘आम्ही, भारताचे लोक’. क्रियापद थेट शेवटी, ‘अर्पण करत आहोत’. मधलं सगळं ‘निर्धार करून’ याला टांगलेलं. निर्धार कशाचा, ते शोधायला ‘-ण्याचा’ने संपणारी तीन पदं अधोरेखित करा: गणराज्य ‘घडविण्याचा’, न्याय-स्वातंत्र्य-समानता ‘प्राप्त करून देण्याचा’, बंधुता ‘प्रवर्धित करण्याचा’. मोठ्याने वाचताना या तीन जागी थांबलं की ऐकणाऱ्यालाही सांगाडा दिसतो. मोजणी अशी: न्याय तीन (सामाजिक, आर्थिक, राजनैतिक), स्वातंत्र्य पाच (विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा, उपासना), समानता दोन (दर्जा, संधी). बंधुता एकच, पण तिच्यावर दोन ओझी आहेत, व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता व एकात्मता. क्रमही पाहा, व्यक्ती आधी आली आहे.

आता उद्दिष्टांचा ठराव शेजारी ठेवा. न्याय आहे, समानता आहे, स्वातंत्र्य आहे, बंधुता नाही. ती मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात घातली. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या आणि बंधुभावाची एवढी गरज पूर्वी कधी नव्हती, असं समितीने कारणही नोंदवलं. उद्देशिका सभेने चर्चेला घेतली ती सगळ्यात शेवटी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी. ‘ईश्वराच्या नावाने’ अशी सुरुवात करावी ही ह. वि. कामत यांची सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.

‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. पहिले दोन काढावेत म्हणून केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, अधिकृत हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. त्यामुळे हिंदी प्रत दाखवून मराठी प्रत ‘चुकली’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका.

उद्देशिका संविधानाचा भाग आहे का? १९६० च्या बेरूबारी प्रकरणात न्यायालयाने नाही म्हटलं, २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात हो. पण ‘भाग आहे’ म्हणजे तिच्यावर खटला भरता येतो असं नव्हे. ‘उद्देशिकेतल्या आर्थिक न्यायाचा भंग झाला’ एवढ्यावर याचिका उभी राहत नाही. आधार एखाद्या अनुच्छेदाचा लागतो, उद्देशिका त्याचा अर्थ लावायला मदतीला येते.

दार: अनुच्छेद १२ आणि १३

घाईत सर्वाधिक वगळले जाणारे हे दोन. १२ सांगतो की या भागात ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र किंवा गोवा नव्हे. केंद्र आणि राज्यांची सरकारं व विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं आणि इतर प्राधिकरणं, सगळी त्यात येतात. जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत म्हणजे राज्य. तुमची खासगी कंपनी राज्य नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थाही साधारणपणे नाही. संस्थेच्या सचिवाने पार्किंग नाकारलं म्हणून १४ चा भंग झाला, अशी तक्रार इथेच अडते. तिचा रस्ता सहकार कायद्यातून जातो.

याला अपवाद आहेत आणि ते मजकुरातच दिसतात. १५(२) (दुकानं, उपाहारगृहं, पाणवठे), १७ (अस्पृश्यता), २३ (वेठबिगार, माणसांचा व्यापार), २४ (बालमजुरी) हे खासगी माणसालाही बांधतात.

१३ म्हणतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा, विसंगतीपुरता, रद्दबातल. ‘पुरता’ हा शब्द सोडू नका. एक पोटकलम पडलं म्हणून सबंध कायदा पडतोच असं नाही. ‘कायद्या’त अध्यादेश, नियम, अधिसूचना, रूढीही धरल्या आहेत. व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे धर्मानुसार वेगळे नियम) त्यात येतात का, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ चा नरसू अप्पा माळी निकाल आजही उद्धृत होतो. त्यात उत्तर नाही असं आलं होतं.

समानता: शब्द मोजून वाचा

१४ ‘व्यक्ती’ म्हणतो, म्हणजे परदेशी पाहुण्यालाही तो लागू. १५, १६, १९ आणि २९ ‘नागरिक’ म्हणतात. पाच रकान्यांपैकी पहिला रकाना या एका शब्दाने भरतो. परीक्षेची पुस्तकं या यादीत ३० ही घालतात, मात्र ३० च्या मजकुरात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘अल्पसंख्याक वर्ग’ आहे.

१४ वर कोणी फरक केल्याची तक्रार असेल तर न्यायालय दोन गोष्टी तपासतं. गट पाडण्याला समजण्याजोगा निकष आहे का, आणि त्या निकषाचा कायद्याच्या हेतूशी संबंध आहे का. १९७४ च्या रोयप्पा निकालापासून तिसरी बाजू आली, निर्णय मनमानी आहे का. ‘मला वेगळं वागवलं’ एवढं पुरत नाही. ‘सारख्या परिस्थितीतल्या अमुकाला दिलं, मला नाकारलं आणि कारण दिलं नाही’ असं मांडावं लागतं.

१५ आणि १६ शेजारी-शेजारी लिहून काढा. १५(१) मध्ये पाच कारणं आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. १६(२) मध्ये सात: त्याच पाचांत कुळ आणि निवास यांची भर. १५ मध्ये ‘निवास’ नाही, म्हणून शिक्षणप्रवेशात अधिवासाची अट टिकू शकते. सरकारी नोकरीत ती अट घालायची तर १६(३) प्रमाणे कायदा संसदेनेच करायला हवा, विधानसभेला तो अधिकार नाही. भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांवर गल्ली ते विधानभवन वाद झडतात, त्यांत हा एक उपखंड फार क्वचित ऐकू येतो. खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांची सक्ती करणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, हेही टिपून ठेवा.

१५(२) मधले विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द सहज पडलेले नाहीत. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, तो कागदावर राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं गेली. पुढचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये सुटला. खंड वाचताना ती दहा वर्षं डोळ्यांसमोर असू द्या. ‘राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेले’ ही शब्दांची तटबंदी का घातली ते लगेच कळतं, कारण महाडच्या दाव्यात तळं खासगी मालकीचं असल्याचाच मुद्दा काढला होता.

आरक्षणाचे खंड (१५(४), १५(५), १६(४) आणि त्यापुढचे) एका बैठकीत वाचा आणि प्रत्येकापुढे दुरुस्तीचं साल लिहा. १५(४) मूळ मजकुरात नव्हता. मद्रासमधलं प्रवेशाचं जातवार वाटप रद्द करणाऱ्या चंपकम दोराइराजन निकालानंतर १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने तो आला. ५० टक्क्यांची मर्यादा शोधत मजकूर चाळू नका, ती तिथे नाहीच. ती १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा पडला तो त्याच मर्यादेवर.

१८ किताबांचा. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, पण नावाच्या आधी-नंतर ते लावायचे नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. निमंत्रणपत्रिकांवरचं ‘पद्मश्री’ तेवढं काढा.

अनुच्छेद १९: डावा हात, उजवा हात

पान उभं दुभागून डावीकडे १९(१) ची सहा स्वातंत्र्यं लिहा: भाषण व अभिव्यक्ती, विनाशस्त्र शांततेने जमणं, संघ बनवणं (२०१२ पासून सहकारी संस्थाही), संचार, वास्तव्य, व्यवसाय. सातवं मालमत्तेचं होतं, त्याच्या जागी आता फुल्या. उजवीकडे (२) ते (६) हे मुरडीचे खंड, प्रत्येक आपापल्या स्वातंत्र्यासमोर. (५) मात्र संचार आणि वास्तव्य या दोहोंना मिळून.

भाषणावरचे निर्बंध आठच कारणांसाठी घालता येतात: सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावल्या’ हे कारण यादीत नाही. अशा गुन्ह्याचं कलम टिकतं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या खुंटीला अडकवून. म्हणून प्रश्न तीन: निर्बंध कायद्याने घातला आहे का (तोंडी फर्मान चालत नाही), आठांपैकी कारण कोणतं, आणि तो वाजवी आहे का.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘वाजवी’ हे दोन्ही शब्द या खंडात १९५१ मध्ये आले. मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी केली, रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. सुव्यवस्था हे कारण तेव्हा यादीतच नव्हतं. सरकारने ते दुरुस्तीने घातलं, सोबत ‘वाजवी’ ही अटही आली. आणि आता याच कारणाच्या कक्षा न्यायालयं आखतात. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून पेटलेल्या श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं.

२० ते २२: अटकेच्या वेळी लागणारी पानं

२१ चा मजकूर छोटा आणि निकालांचा डोंगर मोठा. ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ या शब्दांचा १९५० च्या गोपालन निकालात अर्थ झाला की विधिमंडळाने केलेली कोणतीही पद्धत चालेल. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तो फिरवला: पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. मग ‘जीवित’ या शब्दात उपजीविका आली (१९८५, मुंबईच्या फुटपाथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला), खासगीपणा आला (२४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती). पण ओल्गा टेलिस अर्धाच सांगू नका. उपजीविका हक्क ठरली, तरी रीतसर पद्धत पाळून झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला.

२२ मध्ये व्यवहाराची गोष्ट आहे. अटकेची कारणं सांगायची, वकील गाठू द्यायचा, आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. २४ तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. म्हणून अटकेची वेळ आणि ठिकाण, दोन्ही लिहून ठेवा, कारण कागदावर अटक बऱ्याचदा उशिराची दिसते. कारणं लेखी द्यावीत यावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत भर दिला आहे. ती मिळाली नाहीत तर दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्याच हजेरीत सांगा.

मात्र २२(३) वाचा. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबण्याला, हे नियम लागू नाहीत. ‘एमपीडीएखाली (महाराष्ट्राचा असाच एक कायदा) स्थानबद्ध’ अशी बातमी येते तेव्हा २४ तासांचं गणित चालत नाही. तिथे सल्लागार मंडळाच्या अहवालाशिवाय तीन महिन्यांपलीकडे ठेवता येत नाही. आणि इथेच तळटीप: १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तीनाचे दोन महिने केले होते, पण ते कलम आजवर अंमलात आणलेलं नाही. दुरुस्ती वाचून ‘दोन महिने’ लिहिणारे इथे चुकतात.

त्याच ४४व्या दुरुस्तीचं दुसरं देणं मात्र चालू आहे. आणीबाणीतही २० आणि २१ ची अंमलबजावणी थांबवता येत नाही, आणि १९ आपोआप निलंबित होतो तो युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्याच आणीबाणीत. ही तरतूद एप्रिल १९७६ च्या जबलपूर निकालाचं उत्तर आहे. आणीबाणीत स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असं त्यात ठरलं होतं. न्या. एच. आर. खन्ना यांनी तेव्हा एकट्याने वेगळं मत नोंदवलं होतं.

२१क ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. दुरुस्ती २००२ ची, अंमल १ एप्रिल २०१० चा. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलासाठी तो वापरता येत नाही.

२३ ते ३१, भरभर

२५ ची सुरुवातच मुरडीने होते: सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि ‘या भागातल्या इतर तरतुदी’. धर्मस्वातंत्र्य समानतेच्या खाली बसवलं आहे ते या चार शब्दांनी.

३० साठी एकक राज्य आहे, देश नव्हे, हे टी. एम. ए. पै निकालाने (२००२) ठरलं. म्हणून बेळगावात किंवा बडोद्यात मराठी भाषक हे भाषिक अल्पसंख्याक आणि तिथे आपली शाळा काढून चालवण्याचा हक्क त्यांना ३० खाली मिळतो. मुंबईत तोच हक्क गुजराती किंवा तमिळ संस्थेला. मराठी संस्थेला तो महाराष्ट्रात भाषेच्या आधारावर मिळत नाही.

३१ मालमत्तेचा होता. २० जून १९७९ पासून तो गेला, हक्क ३००क मध्ये उरला, पण मूलभूत म्हणून नव्हे. ३१क, ख, ग मात्र जागेवर आहेत. नवव्या अनुसूचीतला (३१ख खाली संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीतला) कायदा कायमचा सुरक्षित, हे जुनं वाक्यही २००७ पासून खरं नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर तिच्यात घातलेले कायदे तपासता येतात.

३२ की २२६

३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय, पण केवळ मूलभूत हक्कासाठी. २२६ खाली उच्च न्यायालय, मूलभूत हक्कासाठी आणि ‘इतर कोणत्याही प्रयोजनासाठी’. म्हणजे उच्च न्यायालयाचा हात जास्त लांब पोचतो. जमीन गेली (३००क) तर ३२ चा उपयोग नाही, २२६ लागतो. बहुतेक प्रकरणांत आधी उच्च न्यायालयच गाठावं. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं, त्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची बदली-बढतीची तक्रार आधी ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाते. सरळ उच्च न्यायालयात गेलात तर परत पाठवतात.

पाच रिट, म्हणजे ३२ आणि २२६ खाली न्यायालय काढतं ते आदेश, कामानुसार लक्षात ठेवा. माणूस बेकायदा डांबला असेल तर बंदी प्रत्यक्षीकरण. वकील मंडळी हेबियस कॉर्पसच म्हणतात, आणि डांबलेल्याच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही तो मागू शकतो. अधिकाऱ्याने करायलाच हवं असलेलं काम तो करत नसेल तर परमादेश. खालचं न्यायालय किंवा न्यायाधिकरण कक्षेबाहेर जात असेल तर प्रतिषेध, जाऊन आदेश देऊन बसलं असेल तर उत्प्रेषण. सार्वजनिक पदावर कोणी हक्काविना बसला असेल तर अधिकारपृच्छा.

परमादेशाच्या याचिका सर्वांत जास्त पडतात त्या एका साध्या कारणाने: आधी मागणीच केलेली नसते. संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, मुदत द्या, नकार आला किंवा उत्तरच आलं नाही की ते कागद जोडा. दुसरं कारण उशीर. रिटला ठरीव मुदत नाही, पण चार वर्षं गप्प बसून आलात तर प्रत्येक वर्षाचा हिशेब विचारला जातो. तिसरं, कायद्यात अपील दिलेलं असताना ते टाळून येणं. चौथं, प्रतिवादी चुकीचा धरणं, म्हणजे पुन्हा अनुच्छेद १२.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले, यांना १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. अर्जासोबत ओळखपत्र, ज्या आदेशाविरुद्ध जायचं त्याची प्रत आणि ती पोच न्या.